तुम्ही विचारलंत म्हणून : काचेखालच्या फुलपाखराचा रंग किती वर्षे टिकतो?

इंग्लंडातल्या माझ्या छोट्या कार्यशाळेत काचेच्या घुमटाखाली किंवा चौकटीत फुलपाखरे मांडून घ्यायला येणारे लोक बहुधा किमतीच्याही आधी विचारतात, की याचा रंग किती वर्षे टिकेल. फुलपाखरू कोणते आहे आणि ते तुम्ही कोणत्या भिंतीवर लावणार आहात, हे कळल्याशिवाय मला याचे प्रामाणिक उत्तर देता येत नाही.

दक्षिण अमेरिकेतल्या मॉर्फो या निळ्या फुलपाखरांचे उदाहरण घेऊ. माझ्याकडे ती शेतीत वाढवलेली, मेल्यावर पंख मिटून त्रिकोणी कागदी पुडीत वाळवलेली अशी येतात. ओलसर स्पंज ठेवलेल्या बंद डब्यात ती मऊ करायची, मधे खाच असलेल्या फळीवर छातीतून टाचणी घालून बसवायची आणि पंख पसरून, कागदी पट्ट्यांखाली दाबून पुन्हा वाळवायची, हा नेहमीचा क्रम आहे. मॉर्फोच्या पोटातली चरबी मात्र पुढे पंखांत झिरपते आणि तेलकट डाग पडतात, म्हणून त्यांना अ‍ॅसिटोनमध्ये म्हणजे चरबी विरघळवणाऱ्या द्रवात बुडवून ठेवावे लागते. त्या द्रवात झगझगीत निळा पंख पाहता पाहता हिरवा होतो, आणि बाहेर काढून वाळला की पुन्हा निळा. पाहणारा दचकतो, पण रंगाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच आहे. मॉर्फोच्या पंखात निळे रंगद्रव्य नसतेच. खवल्यांवरच्या अतिसूक्ष्म कंगोऱ्यांत कायटिनचे (कीटकांचे कवच ज्याचे असते त्या पदार्थाचे) थर आणि हवा आलटून पालटून असतात, त्यांवरून परावर्तित होताना प्रकाशातला निळा भाग उठून दिसतो. हवेच्या जागी द्रव शिरला की हिशेब बदलतो आणि हिरवा दिसू लागतो. ही रचना शाबूत आहे तोवर निळाई राहते.

मोनार्क फुलपाखराचा नारिंगी रंग, किंवा पिवळ्या फुलपाखरांचा पिवळा, ही मात्र रंगद्रव्ये आहेत आणि उन्हात ती विटतात. अतिनील किरण अडवणारी काच मी वापरते, तिचा उपयोगही होतो, पण दिसणारा प्रकाशसुद्धा रंग खातो आणि तो अडवला तर पाहायचे काय? संग्रहालये नाजूक वस्तूंवर साधारण ५० लक्सच (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक), म्हणजे अगदी मंद प्रकाश पडू देतात, आणि बहुतेक फुलपाखरे तर अंधाऱ्या खणांतच असतात. १७०२ साली इंग्लंडात पकडलेले एक फुलपाखरू ऑक्सफर्डच्या संग्रहात आजही आहे. घुमटाच्या आत दिव्यांची माळ सोडण्याची जी टूम निघाली आहे, ती म्हणूनच मला मुळीच पटत नाही.

रंगाआधी फुलपाखरूच संपण्याचीही शक्यता असते. अँथ्रेनस नावाच्या बारीक भुंगेऱ्याच्या अळ्या वाळलेले कीटक पोखरतात. तळाशी तपकिरी भुकटी दिसली, की त्या आत आहेत असे समजावे. डांबराच्या गोळ्यांपेक्षा मला थंडी बरी वाटते : चौकट प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून घरच्या फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवावी.

कोकणातले नातेवाईक प्रेमाने सुचवतात, की आमच्या परसात एवढी फुलपाखरे येतात, ती पाठवतो. त्यांना नकोच म्हणावे लागते, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतातल्या अनेक जातींना संरक्षण दिले आहे आणि परवानगीशिवाय त्या पकडणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. शिवाय ब्लू मॉर्मनला २०१५ पासून महाराष्ट्राच्या राज्य फुलपाखराचा मान आहे, तेव्हा त्याला टाचणी लावायला माझा हातही धजणार नाही.

तेव्हा तुमची भिंत उत्तरेकडची किंवा जिन्यातली सावलीची असेल, तर हवे ते फुलपाखरू निवडा. दिवाणखान्यातली खिडकीसमोरचीच भिंत हवी असेल, तर मी मोनार्क देणार नाही, मॉर्फो घ्या म्हणेन. आणि तरीही मोनार्कच हवे असेल, तर काही वर्षांनी ते फिकट पडेल, हे पावतीवर लिहूनच देईन.