लाल डबी, निळी डबी : एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे एकाच टीव्हीवर लावून पाहिलं त्याचा अनुभव

डीव्हीडीपेक्षा कितीतरी बारीक तपशिलाचं चित्र देणाऱ्या दोन डिस्कची स्पर्धा चालू होती : लाल डबीतली एचडी डीव्हीडी आणि निळ्या डबीतली ब्लू-रे. फेब्रुवारी २००८ मध्ये एचडी डीव्हीडीच्या बाजूच्या तोशिबाने ती बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यानंतर मुंबईत या विषयाची आवड असलेला जो भेटेल त्याच्या तोंडी एकच वाक्य : ब्लू-रे जिंकलं, म्हणजे चित्र आणि आवाज त्याचाच सरस असणार. हे वाक्य मला पटत नव्हतं. जानेवारीत वॉर्नर या सिनेमा स्टुडिओने फक्त ब्लू-रे काढायचं ठरवलं आणि पारडं फिरलं. हा व्यापारातला निकाल झाला. दोन्ही डिस्क समोरासमोर लावून पाहिलेलं माझ्या ओळखीत तरी कुणी नव्हतं.

पुढच्या वर्षी माझा आतेभाऊ सुहासदादा न्यू जर्सीतलं बस्तान आवरून ठाण्याला परत आला. त्याच्या सामानात तोशिबाचा एचडी डीव्हीडी प्लेअर आणि लाल डब्यांचा एक खोका होता. "बंद पडलेला फॉरमॅट आहे गं, हवा तर ने," म्हणाला. मी त्याच संध्याकाळी रिक्षात घालून सगळं गोरेगावला आणलं. ब्लू-रेसाठी समोरच्या ब्लॉकमधल्या ओंकारचा प्लेस्टेशन ३ होता; हे गेमचं मशीन ब्लू-रेही चालवतं. तो तेव्हा इंजिनिअरिंगला होता आणि असल्या उद्योगाला एका पायावर तयार.

पहिलं काम विजेचं. अमेरिकेतला प्लेअर १२० व्होल्टचा, आपल्याकडे २३०. लॅमिंग्टन रोडला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर सहज मिळतो. प्लेअरच्या मागे लिहिलेल्या वॅटच्या निदान दुप्पट क्षमतेचा घ्यावा, म्हणजे तासन्‌तास चालवला तरी तापत नाही. चपट्या पिनांच्या प्लगसाठी अ‍ॅडॅप्टर लागतो, तोही तिथेच मिळाला.

दुसरं काम डिस्कचं. तुलना करायची तर सिनेमा तोच हवा, शक्यतो स्टुडिओही तोच. सोनी, फॉक्स आणि डिस्नी ब्लू-रेच्या बाजूला होते, युनिव्हर्सल एचडी डीव्हीडीच्या. वॉर्नर दोन्ही काढत असे आणि पॅरामाउंटही ऑगस्ट २००७ पर्यंत दोन्ही काढत होतं. दादाच्या खोक्यातले वॉर्नर आणि पॅरामाउंटचे सिनेमे मी वेगळे काढले आणि त्यांच्या निळ्या डब्या शोधत फिरले. काही इथे मिळाल्या, काही दादाच्या मित्राने येताना आणल्या. एचडी डीव्हीडीला रीजन कोड नव्हताच, ती जगात कुठेही चालायची. ब्लू-रेला तीन विभाग : अमेरिका 'ए'मध्ये, भारत 'सी'मध्ये. तरी वॉर्नरच्या बऱ्याच डिस्कवर विभागाचं कुलूप नसायचं, त्यामुळे अमेरिकेतल्या त्या डिस्क ओंकारच्या मशीनवर चालल्या.

आता खरं काम, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ यातच गेला. दोन मशीन एका टीव्हीला लावली की त्यांचं चित्र वेगळं दिसतंच, पण ते डिस्कमुळे वेगळं दिसतंय असं धरून चालता येत नाही. टीव्ही प्रत्येक एचडीएमआय इनपुटची रंगसंगती वेगळी साठवतो. एकावर 'व्हिव्हिड' आणि दुसऱ्यावर 'सिनेमा' असेल तर फॉरमॅट बिचारा काय करणार? म्हणून दोन्ही मशीन मी रिसीव्हरच्या (चित्र टीव्हीला आणि आवाज स्पीकरला देणाऱ्या यंत्राच्या) एकाच इनपुटला आलटून पालटून लावली. नॉइज रिडक्शन, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, शार्पनेस वाढवणारी सगळी बटणं बंद. ओव्हरस्कॅनही बंद, कारण तो चालू असला की टीव्ही चित्राच्या कडा कापतो आणि उरलेलं ताणून दाखवतो. मग डिस्कवरच्या चित्राचे १९२० बाय १०८० ठिपके जसेच्या तसे पडद्यावर येतच नाहीत.

सगळ्यात फसवी गोष्ट काळ्या रंगाची. व्हिडिओत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरतात, कॉम्प्युटरच्या जगात ० आणि २५५. प्लेस्टेशनमध्ये आरजीबीच्या (लाल, हिरवा, निळा या रंगांच्या) 'फुल' म्हणजे ० ते २५५ आणि 'लिमिटेड' म्हणजे १६ ते २३५ अशा दोन सेटिंग असतात. टीव्हीला अपेक्षित असेल त्याच्या उलट लावलं तर एकतर सावल्यांतला सगळा तपशील काळ्यात बुडतो, नाहीतर चित्रावर राखाडी साय धरते. "ब्लू-रेचा काळा जास्त गडद असतो" असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांपैकी कित्येकांनी हे सेटिंग बघितलेलं नसतं. वेगाचंही तसंच. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. एक मशीन २४ ने आणि दुसरं ६० ने पाठवत असेल, तर कॅमेरा आडवा फिरताना ६० वालं किंचित अडखळतं. मी दोन्ही ६० वर ठेवली, म्हणजे अडखळलं तर दोन्ही सारखंच अडखळेल.

बसायची जागाही बदलली. चाळीस इंची पडद्याची उंची साधारण अर्धा मीटर. निरोगी डोळ्याला १०८० ओळींचा तपशील वेगळा दिसायचा तर त्या उंचीच्या तिपटीच्या थोडं पुढे, म्हणजे पाच-सव्वापाच फुटांवर बसावं लागतं. आमचा सोफा भिंतीला टेकलेला, तिथून दोन्ही फॉरमॅट आणि चांगली डीव्हीडी यांतला फरकही पुसट होतो. आम्ही जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या पुढे ओढल्या, पडदे लावले आणि सुरुवात केली.

वॉर्नरच्या सिनेमांत तेच दृश्य तिथेच थांबवून आळीपाळीने पाहिलं. कपड्याचं विणकाम, गालावरची लव, अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर नाचणारे फिल्मचे दाणे, काहीही फरक नाही. ओंकार अगदी पडद्याला नाक लावून बघत होता. "ताई, हे एकच आहे," तो म्हणाला. आणि ते खरंच बहुतेक एकच होतं, कारण वॉर्नर सहसा व्हीसी-१ या कोडेकमध्ये, म्हणजे चित्र दाबून साठवायच्या पद्धतीत, एकदाच एन्कोड करून तेच दोन्ही डिस्कवर घालायचं. लेसरही दोन्हीकडे ४०५ नॅनोमीटरचा, निळसर-जांभळा. कोडेकही दोन्हीकडे तेच तीन चालत : एमपेग-२, व्हीसी-१ आणि एव्हीसी.

पॅरामाउंटच्या २००६ मधल्या एका सिनेमात मात्र फरक दिसला, आणि तो लोकांच्या समजुतीच्या बरोबर उलटा. धुराच्या आणि पाण्याच्या दृश्यांत निळ्या डबीतलं चित्र बारीक चौकोनांत फुटत होतं, लाल डबीतलं स्थिर होतं. प्लेस्टेशनवर बटण दाबलं की कोडेक आणि बिटरेट (सेकंदाला किती बिट) पडद्यावर दिसतो. तिथे एमपेग-२ लिहिलेलं होतं. तो जुना कोडेक आहे, तेवढ्याच दर्जाला बऱ्याच जास्त बिट खातो.

इथे थोडं गणित करावंच लागतं. एका थराच्या ब्लू-रेत २५ जीबी मावतात, दोन थरांच्या एचडी डीव्हीडीत ३०. दोन तासांच्या सिनेमाला पहिलीत चित्र-आवाज मिळून सरासरी २८ मेगाबिट प्रतिसेकंदाच्या आत राहावं लागतं, दुसरीत जागा ३३ ची असते, फक्त फॉरमॅटची स्वतःची मर्यादा ३०.२४ आहे. म्हणजे सुरुवातीच्या काळात एका थरावर एमपेग-२ घालून काढलेल्या ब्लू-रे डिस्कना जागाही कमी होती आणि कोडेकही खादाड होता. दोन थरांच्या, ५० जीबीच्या ब्लू-रे डिस्क रुळल्या तेव्हा हे बदललं. वरची मर्यादाही ब्लू-रेची मोठी : चित्र-आवाज मिळून ४८, त्यात एकट्या चित्राला ४०. पण मर्यादा मोठी असणं आणि ती वापरलेली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि डबीवरचा लोगो बघून त्यातलं काहीच कळत नाही.

एक वाट वाकडी करून सांगते. दादाच्या काही डिस्क अडकायला लागल्या. पाहिलं तर मुलांच्या बोटांचे ठसे. एचडी डीव्हीडीत माहितीचा थर डीव्हीडीसारखाच ०.६ मिलिमीटर खोल असतो, पण खुणा खूप बारीक, त्यामुळे डीव्हीडीला चालून जाणारा डाग हिला चालत नाही. ब्लू-रेचा थर पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर असतो, म्हणूनच तिच्यावर कठीण लेप देतात. मऊ सुती फडक्याने आतून बाहेर सरळ पुसायचं, गोलगोल नाही. बहुतेक डिस्क चालल्या.

आवाजाचं प्रकरण जास्त नाजूक होतं. एकतर आमच्या इमारतीशेजारून हायवेची वर्दळ, दिवसभर खोलीत एक सततची घरघर. ती असेपर्यंत बारीक आवाजांबद्दल बोलण्यात अर्थ नव्हता. म्हणून रविवारी पहाटे, खिडक्या बंद, पंखा बंद. खालच्या जोशीकाकूंना आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. "पूजेच्या आत आटपा म्हणजे झालं," त्या म्हणाल्या.

दोन्ही मशीन आवाज स्वतः उलगडून एचडीएमआयवरून पीसीएम, म्हणजे न दाबलेला डिजिटल आवाज, म्हणून रिसीव्हरला देतील असं लावलं. एक सिनेमा मुद्दाम निवडला : लाल डबीत डॉल्बी ट्रूएचडी, निळीत न दाबलेला पीसीएम. ट्रूएचडी लॉसलेस आहे, म्हणजे उलगडल्यावर मूळ नमुने जसेच्या तसे मिळतात. मास्टर (मूळ ध्वनिमुद्रण) आणि बिट-डेप्थ (प्रत्येक नमुन्याला दिलेले बिट) सारखी असेल तर दोन्हीतून तेच यायला हवं. उत्तर आधी माहीत असलेली परीक्षा मला हवी होती, कारण त्यातून आपली पद्धत बरोबर आहे का ते कळतं.

ऐकायला आई बसली. ती गाणं शिकलेली आहे, कान तयार आहे, आणि कुठली डबी कुठे आहे हे तिला माहीत नव्हतं. प्रत्येक वेळी तिने पीसीएमला कौल दिला. "हा जास्त मोकळा आहे, माणसं समोर येऊन बोलतात."

ओंकारने कॉलेजातल्या एकांकिकेच्या ग्रुपकडून आवाज मोजायचा मीटर आणला होता. तोच संवाद दोन्हीकडून मोजला. पीसीएम सुमारे ४ डेसिबलने मोठा निघाला. कारण डॉल्बीच्या ट्रॅकमध्ये डायलॉग नॉर्मलायझेशन नावाचा एक आकडा असतो. संवादाची पातळी उणे २७ लिहिलेली असेल तर डिकोडर ती उणे ३१ वर आणायला सगळाच आवाज ४ डेसिबलने खाली घेतो. पीसीएमला हा आकडा नसतो. आणि माणसाच्या कानाला किंचित मोठा आवाज मोठा म्हणून जाणवत नाही, तो चांगला म्हणून जाणवतो. एरवी सूर जरा हलला तरी टोकणारी आईसुद्धा त्यातून सुटली नाही.

पीसीएमच्या वेळी रिसीव्हर तेवढा खाली करून पुन्हा ऐकवलं. थोड्या वेळाने आई म्हणाली, "तेच तर लावतेयस तू. फरक कशात सांगू?" मला अतिशय आनंद झाला, कारण आता पद्धतीवर विश्वास ठेवता येत होता.

मग जिथे उत्तर माहीत नव्हतं तिकडे वळलो. वॉर्नरच्या काही जुन्या ब्लू-रेवर फक्त ६४० किलोबिटचा, म्हणजे काही माहिती गाळून दाबलेला, डॉल्बी डिजिटल ट्रॅक आहे, तर त्याच सिनेमाच्या एचडी डीव्हीडीवर ट्रूएचडी. पातळी जुळवल्यावर संवादात आणि स्फोटांत मला काही कळलं नाही. गर्दीच्या टाळ्या आणि पत्र्यावरचा पाऊस यांत ट्रूएचडीचा थेंब न् थेंब वेगळा लागत होता, पण तेही कान देऊन बसल्यावरच. म्हणजे इथे हरलेला फॉरमॅट थोडा पुढे. उलट सोनीच्या सुरुवातीच्या डिस्कवर सहा चॅनेलचा १६ बिट पीसीएम सर्रास असायचा. त्याला सेकंदाला ४.६ मेगाबिट एकट्या आवाजासाठी लागतात, तेवढी सैल जागा एचडी डीव्हीडीवर काढणं कठीणच.

शेवटी सहज म्हणून त्याच सिनेमाची इथली डीव्हीडी लावली. आईने पहिल्याच सुरावटीला हात वर केला. "पट्टी चढलीय याची." अगदी खरं. आपल्याकडच्या पाल (सेकंदाला २५ फ्रेमच्या टीव्ही पद्धतीच्या) डीव्हीडीत २४ फ्रेमचा सिनेमा २५ ने पळवतात, म्हणजे चार टक्क्यांनी जलद. १२० मिनिटांचा सिनेमा ११५ मिनिटांत संपतो आणि आवाज जवळजवळ अर्ध्या सुराने वर जातो. एवढी वर्षं आम्ही ते संगीत चुकीच्या पट्टीत ऐकत होतो! लाल आणि निळी दोन्ही डब्यांनी ते मूळ पट्टीत दिलं, आणि त्या दोघींमध्ये मला जेवढे फरक सापडले ते सगळे मिळूनही या फरकाच्या जवळ येत नाहीत.

त्यानंतर दोन तासांपर्यंतचे जे सिनेमे लाल डबीत चांगले आहेत ते मी ब्लू-रेवर पुन्हा घेतले नाहीत. फॉरमॅटच्या क्षमतेचा प्रश्न मला खरा वाटतो तो आपल्या तीन तासांच्या हिंदी सिनेमांसाठी. तीन तासांना ३० जीबीत सरासरी २२ मेगाबिट मिळतात, ५० जीबीत ३७. गाण्यांतल्या झगमगत्या कपड्यांना, गुलालाला आणि पावसाला ती जागा लागतेच. म्हणून हिंदी ब्लू-रे घेताना डबी उलटी करून मी आधी 'बीडी-५०' (५० जीबीची ब्लू-रे) छापलंय का बघते, मग कोडेक, आणि आवाजाचा ट्रॅक लॉसलेस आहे का ते.