सुकती लागली होती, तरी पाणी चढलं

२६ डिसेंबर २०२४, गुरुवार. रात्रीचे सव्वादहा.

आज मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे उद्यापनाचं हळदीकुंकू होतं. लग्न होऊन गोरेगावात आले तेव्हापासून दर वर्षी जाते. केळं, गजरा, महालक्ष्मीच्या व्रताची पोथी हातात पडली, मसाला दूध झालं, बायका निघायच्या बेतात होत्या. तेवढ्यात टीव्हीवर तमिळनाडूचा किनारा दिसला. बायका समुद्रात दूध ओतत होत्या, फुलं सोडत होत्या. त्सुनामीला आज २० वर्षं झाली.

कुणीतरी म्हणालं, "मी तेव्हा कुठे होते माहितीये?" आणि मग अर्धा तास कुणी उठलंच नाही.

काकूंचा भाऊ तेव्हा कल्पाक्कमला होता, अणुशक्तीनगरातून बदली होऊन गेलेला. वसाहत समुद्राला लागून. अणुभट्टी व्यवस्थित बंद झाली, पण वसाहतीतली माणसं गेली. भाऊ रविवारची भाजी आणायला बाजारात, वहिनी पोरांना घेऊन वरच्या मजल्यावर शेजारणीकडे, म्हणून चौघं राहिले. काकूंना हे कळायला संध्याकाळ झाली, कारण फोनच लागत नव्हता. "दुपारभर रिडायल दाबत बसले होते," म्हणाल्या, आणि सांगताना त्यांचा अंगठा आजही गुडघ्यावर दाबला जात होता.

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी सासू-सासऱ्यांबरोबर कन्याकुमारीला. विवेकानंद स्मारकाच्या बोटीच्या रांगेत उभं राहायचं, तर सासरे चष्मा लॉजवर विसरले. तो आणून होईपर्यंत रांगेतला नंबर गेला. किनाऱ्यावरून त्यांनी पाणी मागे सरकताना बघितलं. आदल्या संध्याकाळी दिसले नव्हते ते खडक उघडे पडले. काही माणसं शिंपले वेचायला खाली उतरली. वहिनीही निघाल्या होत्या, सासूबाईंनी दंड धरून ठेवला. स्मारकाच्या खडकावर पोचलेली माणसं कितीतरी तास तिथेच अडकून पडली होती.

एक आजी म्हणाल्या, त्या दिवशी पाऊस काय पडत होता, बाई! डिसेंबरात? त्यांच्या मनात पुढच्या वर्षीची २६ जुलै मिसळली होती, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला तो दिवस. कुणी त्यांना थांबवलं नाही. पाणी ते पाणीच.

माझी पाळी आली तेव्हा मी एवढंच म्हणाले, "मी घरीच होते, वर्सोव्याला." वर आले, दिवा लावला आणि वही काढली. कारण ते तेवढंच नव्हतं.

मी बारावीत, सायन्सला. रविवार, मार्गशीर्ष पौर्णिमा, दत्तजयंती. पौर्णिमेचं उधाण असल्याने बाबा आदल्या दिवशीच बोट घेऊन गेले होते. डोल जाळ्याचं गणित सगळं पाण्याच्या ओढीवर. उधाणात ओढ जोरात, तेव्हा धंदा. भांगात पाणी मंद, तेव्हा बोटी घरी. शहरातल्या लोकांना कॅलेंडर लागतं, आमच्याकडे चंद्राकडे बघून कळायचं की बाबा घरी असणार की नाही.

पहाटे साडेसहाला सुमात्राजवळ समुद्राचा तळ फाटला, तेव्हा मी रसायनशास्त्राचं पुस्तक छातीवर ठेवून झोपले होते. वर्सोव्यात ताटलीसुद्धा हलली नाही. नऊच्या सुमारास चेन्नईच्या मरीना बीचवर पाणी आलं, तेव्हा आई पाटी घेऊन बाजारात होती. भावाला ढाक्याची मॅच बघायची होती (ती मॅच आपण बांगलादेशाकडून १५ धावांनी हरलो, हे मला का लक्षात आहे कोण जाणे), म्हणून त्याने टीव्ही लावला. मॅचच्या आधी बातम्या लागल्या आणि मग मॅचकडे कुणाचंच लक्ष राहिलं नाही.

तो शब्द आम्ही कुणी ऐकलेला नव्हता. एक निवेदिका सुनामी म्हणत होती, दुसरा त्सुनामी. भूगोलाच्या पुस्तकात कुठे आला असेल तर मला आठवत नव्हता. आकडे दर तासाला चढत होते. आधी शंभर, मग हजार. पुढे काही आठवड्यांनी कळलं की आपल्या देशातच १० हजारांहून जास्त माणसं गेली, त्यांतली सहा हजारांवर एकट्या नागपट्टणम जिल्ह्यातली, आणि सगळे देश मिळून सव्वादोन लाखांच्या वर. पण त्या दुपारी आम्हाला आकडे दिसत नव्हते. आम्हाला होड्या दिसत होत्या. रस्त्यावर चढलेल्या, भिंतीत घुसलेल्या, एकीवर एक पडलेल्या होड्या. आमच्यासारख्याच रंगवलेल्या.

आई बाजारातून धावत आली. दाराशीच तिने विचारलं, "ह्यांची बोट?" बाबांच्या बोटीवर वायरलेस नव्हता. मोबाइल होता, पण किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की नुसता डबा. भाऊ मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात जाऊन आला. तिथेही तीसेक बायका उभ्या. सगळे सांगत होते, अहो, ते तिकडे, पूर्वेच्या समुद्रात, आपल्याकडे काही नाही. पण केरळमध्ये, कोल्लमकडे, पाणी आल्याचं टीव्हीवर सांगत होते, आणि केरळ तर आपल्याच बाजूला. लाट श्रीलंकेला वळसा घालून येते हे तेव्हा कुणाला माहीत होतं?

या सगळ्यात आजी खाटेवर बसून टीव्ही बघत होती. ती बातम्या कधी बघत नसे. कुठल्याशा हॉटेलच्या गच्चीवरून कुणीतरी घेतलेलं चित्रीकरण पुन्हा पुन्हा दाखवत होते: पाणी उसळत नाही, फुटत नाही, नुसतं येतं, येतच राहतं, गाड्या उचलतं. आजी एकदम म्हणाली,

"ही लाट नाय गो. पानी चरतंय. मी बगलंय हे."

मी म्हटलं, आजी, तू कुठे बघणार, हे पहिल्यांदाच झालंय.

तिने माझ्याकडे न बघता सांगितलं. ती दहा वर्षांची असताना. लढाई संपली त्या साली, दिवाळी होऊन गेल्यावर. भांग होता, होड्या खाडीत नांगरलेल्या. सकाळची वेळ, तिची आई वलांडीवर, काठ्यांच्या मांडणीवर, बोंबील वाळत घालत होती. सुकती लागली होती. पाणी उतरायला हवं होतं, आणि ते उलटं चढायला लागलं. आवाज नाही, वारा नाही. खाडीतल्या होड्या नांगर तोडून एकमेकींवर आपटल्या. वलांडीच्या काठ्या बोंबलांसकट तरंगत गेल्या. पाणी घराच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आलं, गेलं आणि पुन्हा आलं. शेजारचा एक म्हातारा पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकायला गेला होता. तो परत आला नाही. मोठी माणसं म्हणाली, गोदीत पुन्हा जहाज फुटलं असणार. आदल्याच वर्षी एप्रिलात व्हिक्टोरिया गोदीतल्या स्फोटाने सगळी मुंबई हादरली होती, तेव्हा दुसरं काय सुचणार त्यांना? कुणी म्हणालं, दर्या कोपला. नारळ वाहिला गेला. म्हाताऱ्याच्या बायकोने वर्षभर दाराला कडी लावली नाही.

"तवा नाव नवतं याला," आजी म्हणाली. "आज कललं."

आणि मी, बारावी सायन्स, तिला म्हणाले, "आजी, ते वादळ असेल. मुंबईत त्सुनामी येऊच शकत नाही."

ती गप्प झाली. ५९ वर्षं तिच्याकडे ही गोष्ट होती, तिला नाव नव्हतं. ज्या दिवशी नाव मिळालं त्याच दिवशी मी ते तिच्याकडून काढून घेतलं. मला तेव्हा हे कळलं नाही. मला वाटलं, मी तिला धीर देते आहे.

संध्याकाळी दत्ताच्या देवळात पाळणा झाला. आजी प्रसाद घेऊन घरी आलीच नाही, थेट किनाऱ्यावर जाऊन बसली. मी आणि आई मागून गेलो. तेव्हा पूर्ण सुकती होती, खाडीचा चिखल उघडा पडलेला. मग चंद्र वर आला. इतका मोठा आणि पांढरा की सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि भरती लागली. त्या रात्री पाणी चढताना बघून मला पहिल्यांदा भीती वाटली. रोजचंच पाणी, रोजच्यासारखंच चढत होतं. आजी बोटी मोजत होती. अकरावी बोट आमची होती, नऊ वाजत आले होते.

बाबा उतरले ते बर्फ संपल्याची तक्रार करत. एवढी माणसं का जमली म्हणून त्यांनी विचारलं. त्यांना काहीही माहीत नव्हतं. आजीने त्यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि घरी निघून गेली.

नंतर वाचलं की त्सुनामी या जपानी शब्दाचा अर्थच मुळी 'बंदरातली लाट'. खोल समुद्रात ती होडीखालून निघून जाते, कोळ्याला कळतसुद्धा नाही. तो भरल्या जाळ्याने परत येतो तेव्हा बंदर गेलेलं असतं. म्हणजे आम्ही किनाऱ्यावर बसून बाबांची काळजी करत होतो तेव्हा खरं भ्यायला हवं होतं ते आमच्यासाठी. हा शब्द माझ्यासारख्याच कुठल्या तरी कोळ्याच्या घरातून आला असणार असं मला वाटतं. हे मी सिद्ध करू शकत नाही, पण वाटतं.

आजी २००९ साली गेली.

२०१३ च्या सप्टेंबरात बलुचिस्तानात भूकंप झाला आणि ग्वादरजवळ समुद्रातून चिखलाचं एक बेट वर आलं. ऑफिसला जाताना लोकलमध्ये त्याबद्दल वाचत होते. त्यात एक वाक्य होतं: याच मकरान किनाऱ्यावर २८ नोव्हेंबर १९४५ रोजी झालेल्या भूकंपाने त्सुनामी आली होती, आणि ती मुंबईपर्यंत पोचली होती.

मी अंधेरीला उतरायचं विसरले.

मग जे मिळेल ते वाचत गेले. पहाटे साडेतीनच्या आसपास पसनीजवळ समुद्राखाली भूकंप. मुंबईत पाणी आलं सकाळी सव्वाआठच्या सुमारास, साधारण दोन मीटर उंच. खोल पाण्यात ही लाट ताशी सातशे किलोमीटरने धावते, पण मुंबईसमोरचा समुद्र फार लांबपर्यंत उथळ आहे, तिथे ती मंदावते, म्हणून जवळजवळ पाच तास लागले. दांडा आणि जुहूला होड्या सुटल्या. हाजी अलीजवळ माणसं वाहून गेली. आणि वर्सोव्याला, मासे मारायला गेलेली माणसं.

मग मी तिथी बघितली. कार्तिक वद्य, अष्टमी-नवमीच्या आसपास. म्हणजे भांगच. आणि त्या तिथीला सकाळी आठनंतर आमच्या खाडीला सुकतीच लागलेली असणार. दहा वर्षांच्या मुलीने पाहिलेलं आणि ६९ व्या वर्षी सांगितलेलं, त्यातलं एक अक्षर चुकलेलं नव्हतं. तिला वादळ आणि त्सुनामीतला फरक माझ्यापेक्षा चांगला कळत होता. तिने तर सांगितलंच होतं, वारा नव्हता म्हणून.

आता हैदराबादला इशारा केंद्र आहे, २००७ पासून. समुद्राच्या तळाशी दाब मोजणारी यंत्रं बंगालच्या उपसागरात आहेत, अरबी समुद्रातही आहेत. पाच तास म्हणजे मुंबईसाठी पुष्कळ. मला त्याचं खरोखर समाधान वाटतं. पण कोळीवाड्यात कुणालाही विचारा, १९४५ कुणी सांगणार नाही. ती पिढी गेली. आणि ज्यांना सांगायचं होतं त्यांना माझ्यासारख्या शिकलेल्या पोरींनी गप्प केलं.

लिहिता लिहिता थांबले होते. मनमोहन सिंग गेल्याची बातमी आली. त्या डिसेंबरात पंतप्रधान तेच होते.

नंतर बाबांना फोन केला. ते उशिरापर्यंत जागेच असतात. विचारलं, बाबा, आजी सांगायची ती तिसरी पायरी कुठली? घर तर ९२ साली पाडून नवीन बांधलं. पायऱ्या सगळ्या लादीच्या झाल्या.

बाबा जरा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, जुन्या पायऱ्यांचे दगड टाकून द्यायला आजीने दिले नव्हते. दोन कुंपणाच्या भिंतीत गेले. एक मागच्या मोरीपाशी ठेवला, तिनेच सांगून ठेवून घेतला. आई आजही त्याच्यावर गोधड्या धुते.

"कुठल्या पायरीचा, ते तिला ठाऊक," म्हणाले.

उद्या सुट्टी नाही. तरी सकाळी सहाच्या बसने वर्सोव्याला जाऊन येते.