टर्बोच्या शंखावरच्या पांढऱ्या कण्या

काचेवरचे टर्बो, म्हणजे शेवाळ खाणाऱ्या समुद्री गोगलगायी, एकामागून एक गळून पडायला लागले तेव्हा मी आधी पाणी तपासलं. रीफ टँक, म्हणजे प्रवाळ आणि समुद्री मासे असलेला खाऱ्या पाण्याचा टँक, ठेवणारा कुणीही तेच करील. विशिष्ट गुरुत्व 1.025, तापमान 26 अंश, नायट्रेट, अल्कलिनिटी, सगळं जागच्या जागी. मुलुंडमध्ये मे महिन्यात पाणी थंड करणाऱ्या चिलरशिवाय हे तापमान टिकत नाही, म्हणून पहिला संशय त्याच्यावर होता, पण तो व्यवस्थित चालू होता. झोआंथस हे प्रवाळासारखे जीव उमललेले, लेदर कोरल टवटवीत, क्लाउनफिश खाण्यावर तुटून पडत होते. त्रास होता तो फक्त टर्बोंना. उताणे पडलेले सरळ करून ठेवले तरी पाय बाहेर काढायला वेळ लावायचे, आणि काच धरली तरी पकड ढिली.

शेवाळ खाणारे हे शंख म्हणजे टँकचे सफाई कामगार, एक मेला की दुसरा आणायचा, असं बरेच जण मानतात. मला ते कधीच पटलेलं नाही. आमच्याकडचा सगळ्यात मोठा टर्बो टँक लावल्यापासूनचा आहे. त्याच्या शंखावर जांभळट गुलाबी कोरलाइन (दगडासारखं कडक शेवाळ) इतकी चढली आहे की तो स्थिर बसला तर खडकाचाच भाग वाटतो. तोही वाळूवर उताणा दिसला, तेव्हा कारण शोधणं भागच होतं.

टँकचे दिवे बंद होऊन बराच वेळ गेल्यावर टॉर्चला लाल जिलेटिन पेपर गुंडाळून बसले. निशाचर जीव लाल उजेडाला फारसे बिचकत नाहीत. टर्बोच्या शंखाच्या तोंडाशी, जिथे कवचाची कड मऊ अंगाला टेकते, तिथे तांदळाच्या कणीएवढे पांढरे, टोकदार शंख ओळीने बसले होते. दिवसा त्या जागी काहीच दिसलं नव्हतं. उजेड झाला की हे जीव खडकाच्या फटीत नाहीतर शंखाच्या खालच्या बाजूला सरकतात.

माझा भाऊ झवेरी बाजारात कामाला आहे. त्याच्याकडून जवाहिऱ्याचं दहा पटीचं भिंग आणलं आणि एक कणी चिमट्याने उचलून बशीत, टँकच्याच पाण्याच्या थेंबात ठेवली. दुधासारखं पांढरं, चकचकीत कवच, खाली रुंद आणि वर निमुळतं. टोकाचा इवलासा वेढा, म्हणजे अळी असतानाचं कवच, बाकीच्या वेढ्यांवर तिरका पडलेला. तो त्यांच्या उलट दिशेने फिरलेला असतो. पिरॅमिडेलिडी कुळाची ही एक खूण. हौशी लोक यांना पिरॅमिड स्नेल म्हणतात. बाकीच्या गोगलगायींना असते तशी खरवडून खाणारी दातेरी जीभ यांना नसते. लांब सोंड असते, तिच्या आत सुईसारखा काटा आणि मागे पंपासारखा घसा. काटा टोचायचा आणि अंगातला रस ओढून घ्यायचा. एकदोघांनी मोठ्या टर्बोचं काही बिघडत नाही, पण डझनावारी लागले तर तो रात्रीमागून रात्री खंगत जातो.

टँकमध्ये दिसणारी प्रत्येक बारीक पांढरी गोगलगाय मारत सुटू नका, हे मी कळवळून सांगते. काचेवर इकडेतिकडे फिरून शेवाळ चरणाऱ्या सेरिथची पिल्लं आणि कोलोनिस्टा अगदी निरुपद्रवी असतात. पिरॅमिड स्नेल ओळखायचा तो जागेवरून. रात्री, जिवंत शंखाच्या किंवा शिंपल्याच्या कडेला, घोळक्याने.

एका दुकानात मला औषधाची बाटली सुचवली गेली. ती मी घेतली नाही. परजीवीही गोगलगाय आणि यजमानही गोगलगाय. जे एकाला मारेल ते दुसऱ्यालाही मारणारच. त्यातून तांब्याचं औषध असलं तर कोळंबी आणि कोरलही जातात, आणि लाइव्ह रॉक, म्हणजे टँकमधला जीवजंतू वसलेला खडक, तांबं शोषून ठेवतो ते वेगळंच. तेव्हा उपाय एकच उरला, हाताने वेचणं, आणि त्यांचं खाणं तोडणं.

सगळे टर्बो, ट्रोकस, सेरिथ, जे जे शंख हाती लागले ते मुख्य टँकमधून काढले आणि स्पंज फिल्टर, हीटर लावलेल्या छोट्या टाकीत ठेवले. खडक हलवताना हातमोजे आणि चष्मा घातला. झोआंथसमध्ये पॅलिटॉक्सिन हे फार जहाल विष असू शकतं, बोटाला ओरखडा असेल तर उघड्या हाताने त्यांना शिवू नये. मग एकेक टर्बो टँकच्या पाण्याने भरलेल्या वाडग्यात धरून मऊ टूथब्रशने घासला. कवचाच्या खाचा, तोंडाची कड, शंखाचं तोंड बंद करणाऱ्या झाकणाभोवतालची जागा. झाकण ओढायचं नाही, जीव आपोआप आत जातो. घासलेलं पाणी सिंकमध्ये ओतण्याआधी त्यात गोडं उकळतं पाणी घालायचं.

कण्या काढणं सोपं. अंडी काढणं हे खरं काम. शंखाच्या खाचेत पारदर्शक जेलीचा ठिपका असतो, ओला असताना दिसतच नाही. माझ्या सासूबाईंची नजर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर एकदम स्वच्छ झाली आहे. त्या ओट्यापाशी खुर्ची घेऊन बसायच्या आणि टेबल लॅम्पखाली शंख फिरवून सांगायच्या, "अगं, इथे बघ, बुडाशी अजून एक राहिलंय." त्यांच्यामुळे माझ्या हातून सुटलेले कितीतरी ठिपके सापडले. पिरॅमिड स्नेल उभयलिंगी असतात, प्रत्येक जण अंडी घालू शकतो. त्यामुळे एकदा घासून भागत नाही. सगळा पावसाळाभर दर दोन-तीन दिवसांनी वाडगा आणि ब्रश काढावा लागला.

तेवढ्या काळात मुख्य टँकमध्ये शंख नव्हते. मागे राहिलेल्या परजीवींना टोचायला कुणी मिळू नये, हाच हेतू. काचेवर शेवाळ चढलं, ते मी मॅग्नेट क्लीनरने काढलं. खडकावरचं तसंच राहू दिलं.

याच काळात मेलॅन्युरस रॅस हा मासा आणला. सिक्स-लाइन रॅसही या गोगलगायी खातो, पण तो मोठा झाला की दुसऱ्या माशांना छळतो, आणि आमच्याकडचे मासे शांत आहेत. मेलॅन्युरस रात्री वाळूत पुरून घेऊन झोपतो, म्हणून वाळूचा जाड थर हवा, आणि उडी मारतो म्हणून वर जाळी हवी. दिवसभर तो खडकांच्या फटी टिपत फिरतो. तरी त्याच्या भरवशावर राहू नये असं माझं ठाम मत आहे. तो झोपतो तेव्हाच पिरॅमिड स्नेल जेवायला बाहेर पडतात, आणि शंखाच्या खाचेतल्या अंड्यांपर्यंत त्याचं तोंड पोचत नाही. तो मदतनीस म्हणून चांगला.

परदेशी हौशी लोकांना हाच त्रास मुख्यतः ट्रायडॅक्ना या महाकाय शिंपल्यांवर होतो. आपल्याकडे ते शिंपले आणि दगडी प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि ते घरात नसावेत हेच योग्य. हाजीअलीच्या किंवा वांद्र्याच्या खडकांवर ओहोटीला दिसणारे शंखही तिथेच राहू द्यावेत.

गणपतीनंतर छोट्या टाकीतला एक टर्बो मुख्य टँकमध्ये सोडला, फक्त परीक्षा म्हणून. रात्री लाल टॉर्चने तपासायचा, पहाटे बाहेर काढून भिंगाखाली फिरवायचा. बरेच दिवस काही लागलं नाही, तेव्हा बाकीचे सोडले. कोरलाइनवाला मोठा सगळ्यात शेवटी टँकमध्ये परतला. आता खडकावरच्या शेवाळात त्याने चरलेले पट्टे दिसतात.

क्रॉफर्ड मार्केटमधून किंवा दुसरीकडून आणलेला प्रत्येक नवा शंख आता आधी छोट्या टाकीत जातो. तिथे निदान सहा आठवडे राहतो आणि मधूनमधून घासला जातो. परवा आणलेल्या एका ट्रोकसच्या बुडाशी सासूबाईंना पुन्हा तसाच ठिपका दिसला. तो ट्रोकस अजून तिथेच आहे.