बुवांच्या पेटीतल्या बेचाळीस स्प्रिंगा

चतुर्थीच्या आधीचा महिनाभर आमच्या कुडाळच्या हार्मोनियम दुरुस्तीच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. कोपऱ्यात पडलेल्या पेट्या भजनी मंडळं तेव्हाच बाहेर काढतात. कुणाच्या भात्याला उंदीर लागलेला असतो, कुणाच्या पट्ट्या दमटपणाने अडकलेल्या. त्या गर्दीत एका दुपारी बुवा आले. नातवाने पेटी खांद्यावरून उतरवली. बुवा म्हणाले, "झिला, ही पेटी इकूची आसा. कोण गिऱ्हाईक आसलो तर सांग."

माझ्या वडिलांनी बांधलेली पेटी. खर्ज म्हणजे जाड आवाजाचा, शिवाय नर आणि मादी, अशा सुरांच्या तिन्ही रांगा, बेचाळीस पट्ट्या. तिच्यावर बुवांनी किती रात्री जागवल्या असतील!

मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. बोटांची मुळं सुजून गोल झालेली. आमवात, दोन वर्षं झाली. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या. सकाळी तासभर सदऱ्याची बटणंही लागत नाहीत, दुपारनंतर हात जरा सैल होतात.

"बुवानू, इकण्याआधी एक गजर वाजवा."

दुसऱ्याच ओळीला थांबले. पट्टी बोटाने दबत नव्हती म्हणून ते मनगटाचा भार टाकत होते, आणि तरी सूर अर्धवट लागत होता. "बोटांका जोर नाय रवलो," एवढंच म्हणाले.

मी काळी एकच्या पट्टीवर दहा रुपयांची नाणी एकावर एक ठेवत गेलो. तेराव्या नाण्याला पट्टी खाली गेली. म्हणजे जवळपास शंभर ग्रॅम. कपलर ओढला तर त्याहून जास्त, कारण एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातलीही ओढावी लागते. बुवा आयुष्यभर कपलर लावूनच वाजवत आले होते. एका गजरात पट्ट्या किती वेळा दाबाव्या लागतात याचा मी पेट्या दुरुस्त करणारा असूनही कधी विचार केला नव्हता, याची मला खरंच लाज वाटली.

पेटी मी ठेवून घेतली. म्हटलं, चार दिवस द्या, मग गिऱ्हाईक बघू.

कपलर सोडवला. जुन्या स्प्रिंगा काढून बारीक तारेच्या नव्या वळून घातल्या. सात नाण्यांना पट्टी दबू लागली आणि मी खूश झालो. भाता जोरात मारला, तर तीन सूर आपोआप बोलू लागले! पट्टीची स्प्रिंग नुसती पट्टी वर आणत नाही. पट्टीच्या मागच्या टोकाची गादी सुराच्या भोकावर दाबून धरते, आणि आतली हवा तिला उचलायला बघत असते. स्प्रिंग हलकी केली आणि हवेचा जोर तोच ठेवला, तर हवाच जिंकणार. हे मला माहीत होतं, पण घाईत सुचलं नाही.

मग तळ उघडला. आतल्या भात्याच्या स्प्रिंगाही बदलल्या, हवेचा दाब उतरवला. सूर बोलायचे थांबले. पट्टी आठ नाण्यांवर आली.

राहिला डावा हात. सुरांच्या तिन्ही रांगा एकदम उघडल्या की हवा भराभर संपते आणि भाता सारखा मारावा लागतो. नाटक कंपन्यांत पायपेट्या होत्या, दोन्ही हात मोकळे. पण भजनाला मांडी घालून बसायचं, तिथे पायपेटी कशी चालेल? खर्ज बंद ठेवा, फक्त शेवटच्या गजराला उघडा, असं मी सुचवलं. खर्ज सोडायला बुवा सहज तयार झाले नाहीत. भात्याच्या मुठीला मी जाड गोल लाकूड चढवलं, म्हणजे अंगठा आवळावा लागत नाही.

चौथ्या दिवशी मुद्दाम दुपारीच बोलावलं. बुवांनी पट्टीवर बोट ठेवलं, सूर आला. पुन्हा ठेवलं. मग थांबलेच नाहीत. दुकानात पेट्या न्यायला आलेली दोन मंडळं टाळ नसताना टाळ्यांवर ठेका धरायला लागली. दहा मिनिटांनी बुवांनी हात मांडीवर ठेवले. डॉक्टरांनी मधे मधे थांबायला सांगितलं होतं.

"आवाज बारीक झालो," बुवा म्हणाले.

"व्हय. दाब कमी केलंय. पेटीसमोर माईक घ्या."

विकायचं नाव पुन्हा निघालं नाही. जुन्या बेचाळीस स्प्रिंगा मी कागदी पाकिटात घातल्या, वर तारीख घातली आणि झाकणाच्या आत चिकटवून दिल्या. हा आजार मधूनच उतरतो, हातांत पुन्हा जोर येतो, असं बुवांनीच सांगितलं होतं. तसं झालं तर त्यांना परत जड पट्टी लागेल. पाकीट बघून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग नातवाला म्हणाले, "सांभाळून धर रे."