आमची वाटचाल : नाव एकीकडचं, कारखाना दुसरीकडचा

कुडाळात आमचं चेनसॉ, म्हणजे इंजिनवर चालणारी साखळीची करवत, विकायचं आणि दुरुस्त करायचं दुकान आहे. सुरुवात पाण्याचे पंप आणि ग्रासकटर यांच्या कामाने झाली. 2020 साली निसर्ग वादळाने रायगड झोडपलं, 2021 साली तौक्ते आमच्या किनाऱ्यावरून गेलं, आणि आडवे पडलेले आंबे-फणस उचलायला हातकरवत पुरेना. तेव्हापासून दुकानात चेनसॉचंच काम जास्त. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मशीन खयची (कुठली)?" याचं उत्तर एका देशाच्या नावात बसत नाही. नुसतं नाव सांगून मशीन विकणं आम्ही म्हणूनच सोडलं.

स्टिलचंच घ्या. कंपनी जर्मन, 1926 पासूनची, मुख्य ठाणं स्टुटगार्टजवळ वाइब्लिंगेनला. पण तिच्या मशीन अमेरिकेत व्हर्जिनिया बीचला 1974 पासून बनतात, शिवाय ब्राझीलमध्ये आणि चीनमध्ये चिंगदाओला. मॅग्नेशियमचं ओतकाम जर्मनीत, दात्यांची चेन स्वित्झर्लंडमध्ये विल गावी, कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) झामाचा. आणि झामा कंपनी 2008 पासून स्टिलच्याच मालकीची. हुस्कवर्नाचा स्वीडनमधला मूळ कारखाना 1689 चा, बंदुका बनवायचा. तिथली पहिली चेनसॉ 1959 ची. आता चीनमध्ये तिचाही कारखाना आहे. म्हणजे 'जर्मन' किंवा 'स्वीडिश' म्हणताना आपण आराखडा आणि तपासणी कुणाची एवढंच सांगत असतो.

चेनसॉ घरोघरी नेली ती अमेरिकेने. लॉस एंजेलिसच्या मॅक्कलॉकने 1940 च्या दशकाअखेर 25 पौंडांची, म्हणजे सव्वाअकरा किलोची, एका माणसाने पेलायची मशीन काढली. न्यूयॉर्क राज्यातली होमलाइट, लुइझियानातली पोलन ही त्याच काळातली मोठी नावं. 1970 च्या दशकात तेल महागलं, लोक लाकडाच्या शेगड्यांकडे वळले आणि मशीन वाण्याच्या मालासारख्या खपल्या. पण घरगुती गिऱ्हाईक मशीन एकदाच घेतं. मागणी भागल्यावर मोठ्या दुकानांच्या मांडणीवर फक्त किमतीची मारामारी उरली. जंगलात रोज आठ तास मशीन चालवणारा माणूस मात्र कंप कमी करणारे रबरी माउंट आणि चेन ब्रेक (मशीन उसळली तर चेन थांबवणारा) बघून युरोपियन मशीनकडे गेला. पुढे धुराचे नियम आले, आणि त्यासाठी नव्या इंजिनावर खर्च करायची ताकद सगळ्यांत नव्हती. होमलाइट 1955 साली टेक्स्ट्रॉनकडे गेली, 1994 साली जॉन डिअरकडे, 2001 साली हाँगकाँगच्या टीटीआयकडे. मॅक्कलॉकचं 1999 साली दिवाळं निघालं. ते नाव आणि पोलनचंही अखेर हुस्कवर्नाकडे आलं. नावं टिकली, त्यांच्यामागचे मूळ कारखाने गेले. जे टिकले त्यांनी ओतकाम आणि दुरुस्ती करणारा विक्रेता या दोन्ही गोष्टी हातच्या सोडल्या नव्हत्या, असं आमचं मत.

हा इतिहास आमच्या टेबलावर येतो तो सुट्या भागांच्या रूपाने. बोटीवर काम करणाऱ्या कुणी आणलेली जुनी मॅक्कलॉक किंवा होमलाइट आली, की आधी कार्बोरेटर बघायचा. टिलॉटसनचा किंवा वॉल्ब्रोचा असेल तर डायफ्रामचं (आतल्या पातळ पडद्यांचं) किट आजही मिळतं, कारण ते भाग अनेक कंपन्यांना सारखेच लागत. सील आणि बेअरिंग माप घेऊन बाजारातून जमतात. कॉइल (ठिणगी देणारी), रबरी माउंट किंवा ऑइल पंप (चेनला तेल पुरवणारा) गेला असेल तर मशीन शोभेला ठेवा, असं आम्ही स्पष्ट सांगतो.

सध्या इथे सर्वांत जास्त खपते ती '58 सीसी' लिहिलेली चिनी मशीन. मॉडेल 4500, 5200, 5800. नावं बारा, सांगाडा एकच. मूळ आराखडा जपानच्या कोमात्सु झेनोआचा. चीनमध्ये चच्यांग प्रांतातलं योंगकांग हे अशा मालाचं मोठं केंद्र. यातली एक गंमत पिस्टन बदलताना कळते. 5200 चा पिस्टन 45 मिमीचा, 5800 चा 45.2 मिमीचा, आणि क्रँक दोघींचा तोच. 0.2 मिमीने जेमतेम अर्धा सीसी वाढतो. बाकीचे साडेपाच सीसी स्टिकरवर असतात.

तरी ही मशीन टाकाऊ नाही. भाग स्वस्त, सगळीकडे मिळणारे, आणि रचना सरळ. खोट असते ती जोडणीत. म्हणून खोक्यातून काढून तशीच हातात देत नाही. टाकीतली इंधन नळी आणि फिल्टर बदलतो, कार्बोरेटरच्या मागच्या रबरी बुटाच्या आणि सायलेन्सरच्या बोल्टना थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) लावून आवळतो. हा बूट सैल राहिला की हवा ओढतो, मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, आणि पिस्टन अडकून बसतो. कॉइल आणि फ्लायव्हीलमधलं अंतर 0.3 मिमी ठेवतो. व्हिजिटिंग कार्ड घालून बघितलं तरी चालतं. मग बारचं, म्हणजे चेन ज्या पट्टीवरून फिरते तिचं, टोक पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर धरून रेस द्यायची. पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली नाही तर ऑइल पंपाचा वर्म गियर बघायचा. प्लॅस्टिकचा असेल तर दात गेलेले असतात. तो काढायला आधी क्लच काढावा लागतो, आणि क्लचचे आटे उलटे असतात. प्लगच्या भोकातून स्टार्टरची दोरी आत सोडून पिस्टन अडवायचा आणि क्लच घड्याळाच्या दिशेने फिरवायचा. नेहमीच्या दिशेने जोर लावून आटे मारलेल्या मशीन आमच्याकडे नियमित येतात.

20 इंची बारला चेन .325 इंच पिच (कड्यांमधलं अंतर), .058 इंच गेज (बारच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी), 76 ड्राइव्ह लिंकची (त्या कड्यांची संख्या) लागते. मशीनसोबत आलेली चेन मऊ असेल तर आम्ही ओरेगॉनची लावतो. हे नाव अमेरिकेतलं, पोर्टलंडचं. तिथे जो कॉक्सने 1947 साली आजच्या धाटणीची चेन बनवली. कारखाने आता ब्राझीलमध्ये कुरितिबाला आणि चीनमध्ये फूचौलाही आहेत, आणि माल चांगलाच असतो. धार लावायला या चेनला 4.8 मिमीची गोल कानस, कोन 30 अंश, आणि प्रत्येक दाताला सारखेच घाव. एका बाजूचे दात जास्त घासले की काप वाकडा जातो. डेप्थ गेज, म्हणजे दातापुढचा छोटा उंचवटा, दातापेक्षा 0.65 मिमी खाली हवा. तो न घासता फक्त धार लावत राहिलं की लाकडाचा भुसा पिठासारखा पडतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं मशीनला दम नाही. आमच्या भागात चेन लवकर बोथट व्हायचं कारण बहुतेकदा जांभ्याची धूळ. नारळाच्या बुंध्यात तर ती सालीच्या खाचांत बसलेली असते; कापायच्या जागी आधी कोयत्याने साल काढली तर एका धारेत बरंच काम होतं.

सध्याची सगळ्यांत मोठी डोकेदुखी मात्र पेट्रोल. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलवालं मिळतं, आणि मोठ्या कंपन्यांची पुस्तकं 10 टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. महिनाभर टाकीत राहिलं की नळी फुगते, डायफ्राम कडक होतो. मशीन चोकवर चालू होते आणि रेस दिली की बसते. त्यामुळे काम संपलं की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायची. चिनी मशीनला लिटर पेट्रोलला 40 मिली टूटी (टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल, स्टिल-हुस्कवर्नाला चांगल्या प्रतीचं 20 मिली. मिश्रण पंधरवड्यापुरतंच करायचं. पिस्टन घासला गेला का, हे कळायला इंजिन खोलावं लागत नाही. सायलेन्सर काढून भोकातून टॉर्च मारायची. पिस्टनवर उभे ओरखडे दिसले तर पिस्टन-सिलिंडरचं किट बदलण्यावाचून इलाज नाही.

पुढचा बदल बॅटरीचा. मकिताने 1991 साली जर्मनीची जुनी डोल्मार घेतली होती आणि 2022 साली इंजिनवाल्या मशीन बनवणंच थांबवलं. कॅलिफोर्नियाने 2024 च्या मॉडेलपासून छोट्या इंजिनांना धूरमुक्तीची अट घातली. आम्ही बॅटरीची मशीन सध्या माडाच्या झावळ्या आणि काजूची छाटणी यांसाठीच सुचवतो. ती घेताना दोन बॅटऱ्या घ्याव्यात, आणि चेन कुठल्या पिचची ते बघावं. 3/8 लो प्रोफाइल (कमी उंचीच्या दातांची) असेल तर 4 मिमीची कानस लागते. ती आमच्याकडे सुटी मिळते.