सीटबेल्टवरची चिखलाची रेघ

23 सप्टेंबर 2023 चा तो शनिवार. नागपुरात मध्यरात्रीनंतर काही तासांतच 100 मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या घराघरांत शिरलं. मी वाहन विम्याचा सर्व्हेअर आहे. त्या सकाळपासून पुढचा महिनाभर माझ्या बुटांचा चिखल वाळलाच नाही.

त्यातली एक गाडी मनातून जात नाही. पांढरी हॅचबॅक, फेब्रुवारी 2019 ची. मालक निवृत्त शिक्षक, कळमेश्वरला नोकरी होती तेव्हा रोज याच गाडीनं येणं-जाणं. वाडीच्या वर्कशॉपमध्ये गाडी उभी होती आणि सर शेजारी. डॅशबोर्डच्या कप्प्यातून त्यांनी भिजलेल्या टाचण-वह्या काढून बोनेटवर वाळत घातल्या होत्या.

पाणी कुठवर चढलं, हे धुतलेल्या गाडीत डोळ्यांना कळत नाही. मी ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. आत दडलेल्या पट्ट्यावर चिखलाची सरळ रेघ होती. तिची उंची मोजली तर पाणी स्टेअरिंगच्याही वर गेलेलं. म्हणजे वायरिंग, इंजिनचा कंट्रोल युनिट, एअरबॅगची यंत्रणा, सगळं गेलं.

"गाडी सुरू करून पाहिली का?" हा माझा पहिला प्रश्न असतो. पाणी शिरलेलं इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि ते नुकसान पुरानं झालं की चाबी फिरवल्यानं, यावरून दाव्यात वाद लागतो.

"नाही ना सर. हिनं चाबीच लपवून ठेवली होती," ते म्हणाले. काकूंनी फार मोठं काम केलं होतं.

वर्कशॉपचा अंदाज 4,30,000 चा. प्लास्टिक-रबराच्या भागांवर 50 टक्के, धातूच्या भागांवर वयानुसार घसारा कापून मी 2,85,000 वर आलो. पॉलिसीत गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यानं धरलेली किंमत, 3,00,000. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण गेलेली, धरायची. इथे ती मर्यादा 2,25,000 होती, त्यामुळे निकाल स्पष्ट होता.

पण 3,00,000 हा आकडा मला खटकला. चार वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला पाचव्या वर्षी कंपनीच्या छापील किमतीवर 50 टक्के घसारा लागतो. या मॉडेलची किंमत 7,20,000, तेव्हा आयडीव्ही 3,60,000 यायला हवी होती. सरांनी फेब्रुवारीतलं नूतनीकरण आठवलं. एजंटानं फोनवर सांगितलं होतं, "किंमत थोडी खाली घेऊ सर, प्रीमियमचे हजारेक रुपये वाचतील." त्यांनी हो म्हटलं होतं.

"तुमच्या हातात आहे ना सर. साठ हजार वाढवून लिहा," ते खालच्या आवाजात म्हणाले.

माझ्या हातात नव्हतं. पॉलिसीवर छापलेल्या आकड्यात रुपयाही वाढवता येत नाही. त्यांनी वही उचलून पानं सुटी करायला घेतली, मी फोटो काढत राहिलो.

चार दिवसांनी विमा कंपनीच्या ऑफिसातून मला फोन आला. गाडी 78,000 किलोमीटर चाललेली आहे, बाजारात तिला अडीच लाखांच्या वर कोणी देणार नाही, तेवढ्यावर दावा बसवा. इथे मात्र मी हटलो नाही. टोटल लॉसच्या दाव्यात आयडीव्ही हीच वर्षभर बाजारभाव मानायची आणि तिच्यावर पुन्हा घसारा लावायचा नाही, हे पॉलिसीतच लिहिलेलं असतं. वाढवता येत नाही म्हणून मी एका म्हाताऱ्या माणसाला परत पाठवलं होतं, मग कमी कसं करता येईल? ते कलम मी रिपोर्टमध्ये शब्दशः उतरवलं. वरून काही दिवस प्रश्न येत राहिले, मग दावा आयडीव्हीवर मंजूर झाला.

उरला सांगाडा. लिलावात त्याला 70,000 ची बोली लागली. मालकानं स्वतः सोसायच्या अनिवार्य वजावटीचे 1,000 आणि हे 70,000 वळते करून कंपनीनं 2,29,000 द्यायचे आणि भंगारवाल्यानं 70,000, असं ठरलं. त्याचा माणूस रोख घेऊन आला आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर कोऱ्या सह्या मागू लागला. मी सरांना थांबवलं. आरसी त्यांच्या नावावर राहून तो सांगाडा कुठे दुरुस्त होऊन रस्त्यावर आला, तर अपघाताची नोटीस कॉर्पोरेशन कॉलनीत यायची. गाडी कायमची निकामी झाली की मालकानं चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, मोटार वाहन कायद्याचं कलम 55 आहे. आरसी आधी रद्द करून घेतली, पैसे नंतर घेतले.

गाडीवर कर्ज होतं, त्यामुळे बँकेचे उरलेले 52,000 आधी गेले. सरांच्या पदरात 2,47,000 पडले. तेवढ्यात तशी गाडी त्यांना नागपुरात मिळाली नाही. दिवाळीत फोन केला तेव्हा काकू म्हणाल्या, सध्या ऑटोनंच जाऊन येऊन राहिलो.