कोर्सिकातल्या तीन तळ्यांच्या वाटा

"बारा वाजता तळं समोर दिसत असलं तरी मागे फिरायचं." कोर्ते गावात आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो, त्या आजींनी पहिल्याच संध्याकाळी हे सांगितलं. त्या फ्रेंचमध्ये बोलत होत्या आणि माझा धाकटा भाऊ मला मराठीत सांगत होता. तो मार्सेयला नोकरी करतो. जून 2023 मध्ये मी पुण्याहून त्याच्याकडे गेले आणि तिथून दोघं रात्रीच्या बोटीनं कोर्सिका या भूमध्य समुद्रातल्या फ्रेंच बेटावर, बास्तिया बंदरात उतरलो. बास्तियाहून मीटरगेज गाडी डोंगर चढत बेटाच्या मधोमध कोर्त्याला येते. 1755 ते 1769 या काळात कोर्सिका स्वतंत्र होती, तेव्हाची ही राजधानी. तेव्हाचा नेता पास्काल पाओली, त्यानं 1765 साली इथं विद्यापीठ काढलं. गावाबाहेरच्या पाट्यांवर नावं दोन भाषांत आहेत, आणि बऱ्याच पाट्यांवरचं फ्रेंच नाव कुणीतरी काळ्या रंगानं पुसून टाकलंय. आपली भाषा जपणाऱ्या माणसांचा हा मुलूख आहे, हे पहिल्या वळणावरच कळतं.

लोक इथं समुद्रकिनाऱ्यासाठी येतात. पण हे बेट म्हणजे समुद्रातून थेट वर आलेली डोंगररांगच आहे. लांबी जेमतेम 180 किलोमीटर, रुंदी 80 च्या आसपास, आणि तेवढ्यात मोन्ते चिंतो हे शिखर 2706 मीटरवर पोचतं. हिमयुगात या डोंगरांवर हिमनद्या होत्या. त्यांनी ग्रॅनाइट खरवडून जे खोलगट वाडगे केले, त्यात आज पाणी साठलंय. तीच ही तळी. एकाही तळ्याला गाडीरस्ता नाही, आणि तो कधी होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

कोर्त्याहून रेस्तोनिकाच्या दरीत सुमारे 15 किलोमीटर अरुंद रस्ता जातो. समोरून गाडी आली तर एकानं मागं घ्यायची, एवढीच जागा. पावसापुरानं हा रस्ता बंदही पडतो, म्हणून निघण्याआधी गावात चौकशी करावी. रस्ता संपतो तिथं ग्रोतेलच्या धनगरांच्या दगडी झोपड्या आहेत. चुना-मातीशिवाय रचलेल्या भिंती, बुटकी दारं. आम्ही पहिल्या दिवशी तिथं पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. बोट आणि गाडीच्या प्रवासानंतर झोप पुरी झाली नव्हती. त्यात नाश्त्याला ताजं ब्रोच्चू आलं. मेंढीच्या दुधाच्या निवळीपासून करतात ते मऊ चीज. आणि आम्ही बसलो ते बसलोच.

मेलू तळ्याकडे पिवळ्या खुणांची वाट जाते. अर्ध्यावर तिला दोन फाटे फुटतात. एक ओढा ओलांडून झुडपांतून वळसा घेत चढतो, दुसरा सरळ कातळावरून. कातळावर साखळ्या ठोकल्यात आणि एका टप्प्याला लोखंडी शिडी आहे. भाऊ म्हणाला, "ताई, आपण साखळ्यांनीच जाऊ." मी हो म्हटलं. सह्याद्रीत पंचवीस वर्षं फिरल्यावर साखळी बघून कुणी थांबतं का?

पण ग्रॅनाइट म्हणजे बेसाल्ट नव्हे. आपल्या कातळाला पायऱ्या असतात, खोबणी असतात, बोटं अडकवायला कड मिळते. इथला खडक हिमनदीनं घासून गुळगुळीत केलाय, मोठ्या पालथ्या परातीसारखा. पकड शोधायला गेले तर हाताला काही लागेना. पावलं पूर्ण टेकवून, शरीर खडकापासून दूर ठेवून, तळव्याच्या घर्षणावर भरवसा ठेवायचा. घाबरून खडकाला चिकटलात की पाय सुटलाच. हे अंगात मुरायला मला पाऊण तास लागला. साखळीच्या मधल्या कड्या असंख्य हातांनी घासून चांदीसारख्या झाल्या होत्या आणि उन्हानं इतक्या तापल्या होत्या की हात आलटून पालटून धरावे लागत होते.

मेलूला पोचलो तेव्हा एक वाजला होता. 1711 मीटरवरचं हे तळं, तीन बाजूंना करवतीच्या दात्यांसारखे कडे, पाण्यात त्यांची सावली. तिथूनच फिरायला हवं होतं. पण वरचं कापितेल्लू तळं आणखी दोनशे-सव्वादोनशे मीटरच वर होतं, आणि आकाशात एकच पांढरा ढग होता. आम्ही निघालो. वीस मिनिटांत त्या एका ढगाचे दहा झाले. दुसऱ्या साखळीपाशी पोचलो आणि कड्यामागं गडगडलं.

बेटाच्या दोन्ही बाजूंना समुद्र. सकाळी डोंगरउतार तापले की दमट हवा वर चढू लागते, आणि दुपारपर्यंत त्याच शिखरांवर ढग जमून वीज पडते. उन्हाळ्यात हे वारंवार घडतं. तेव्हा हातात ओली लोखंडी साखळी असणं म्हणजे काय, ते मी तिथं शिकले. आम्ही साखळ्या सोडल्या आणि मेलूपर्यंत बसत, सरकत आलो. पावसात तोच ग्रॅनाइट साबणासारखा झाला होता. खाली उतरताना वळशाची वाट धरली. ती आल्डरच्या झुडपांतून जाते. ओल्या पानांना एक उग्र, गोडसर वास होता, आणि त्या फांद्यांनी आम्हाला अक्षरशः धरून उतरवलं. माझा गुडघा सोलवटला. भाऊ एकदा सहा-सात फूट घसरला आणि एका दगडाला अडकला. त्यानंतर गाडीपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही.

आजींनी गुडघ्याला औषध लावलं, पण रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त दोन तारखा सांगितल्या. 10 जून 2015: बेटाची उत्तर-दक्षिण लांबी तुडवणाऱ्या, 180 किलोमीटरच्या जी-आर 20 या वाटेवर सिर्क द ला सोलितूद नावाच्या कड्यांच्या खळग्यात वादळी पावसानं दरड कोसळली आणि सात जण गेले. तो टप्पा वाटेतून काढून टाकावा लागला. 18 ऑगस्ट 2022: सकाळी ताशी 200 किलोमीटरच्या वर वेगाचं वारं आलं, बेटावर पाच माणसं दगावली. आमच्या येण्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आजी बोलताना खिडकीतून डोंगराकडे बघत होत्या, आमच्याकडे नाही.

एक दिवस आम्ही गावातच काढला.

तिसऱ्या दिवशी पहाटे सहाला ग्रोतेल सोडलं. थंडी होती, साखळ्या गार होत्या, खडक कोरडा. तोच टप्पा, पण आता पावलांना कळत होतं. साडेसातला मेलू, साडेआठला कापितेल्लू. 1930 मीटर. हे तळं वर्षातले बरेच महिने गोठलेलं असतं, आणि जूनमध्येही पलीकडच्या सावलीत बर्फाचा जाड तुकडा काठाला धरून होता. वारा आला की त्याची कड काठावर आपटून काचेसारखी बारीक किणकिणायची. खोली 42 मीटर. काठापाशी पाणी नितळ, चार पावलांवर हिरवं, आणि मध्ये इतकं गडद निळं की शाईची आठवण झाली. पिवळ्या चोचीचे डोंगरकावळे आमच्या डब्याभोवती धीटपणे फिरत होते. तासभर आम्ही नुसते बसून होतो.

इथून वर जी-आर 20 च्या धारेला लागून, ती धार चालत बोक्का अ सोल्या या 2052 मीटरवरच्या खिंडीतून पुन्हा मेलूवर उतरता येतं. धारेवरून दोन्ही तळी एकाखाली एक दिसतात. माझा सगळा जीव त्या वाटेत होता. पण वरून उतरणाऱ्या दोघांच्या बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारे लोखंडी दाते, होते आणि हातात बर्फाची कुदळ. घळीत कडक बर्फ आहे, म्हणाले. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. जुलैच्या मध्याआधी त्या धारेचा विचार करणाऱ्यांनी आधी बर्फाची खात्री करून घ्यावी, एवढं कळकळीनं सांगते.

शेवटचा दिवस निनू तळ्याचा. ही वाट दुसऱ्या बाजूनं, वाल्दु-नियेल्लूच्या जंगलातल्या पोपाजा या वनखात्याच्या घरापासून सुरू होते. कोर्सिकाचा लारिचो पाइन मी पहिल्यांदा इथं पाहिला. सरळसोट, लालसर राखाडी सालीचा, वर पाहताना मान दुखेल इतका उंच. जंगल संपलं की दगडांचा उभा चढ, खुणांच्या जोडीला लगोरीसारखे रचलेले दगड. एकूण चढ सातशे मीटरच्या आसपास. स्ताझोना या 1762 मीटरवरच्या खिंडीत काळपट खडकांचा एक घोळका उभा आहे. लोक सांगतात, ते सैतानाचे बैल. संत मार्तिनानं त्याची नांगरट वाकडी म्हणून त्याला डिवचलं, नांगर मोडला, सैतानानं तो रागानं भिरकावला आणि समोरच्या कापू ताफोनातू या डोंगराला आरपार भोक पडलं. बैल जागीच दगड झाले. ते भोक आजही आहे. स्ताझोना म्हणजे कोर्सिकन भाषेत लोहाराची भट्टी.

आणि खिंडीपलीकडे एकदम सपाटी. इतक्या कड्यांनंतर डोळ्यांचा विश्वास बसत नाही. निनूभोवती हिरवळ पसरलीय, आणि तिच्यात जागोजागी काळ्या पाण्याचे गोल डबके. त्यांना इथं पोझी म्हणतात, म्हणजे विहिरी. मी एका विहिरीच्या काठी गुडघे टेकून हात दाबला. गवत उशीसारखं आत गेलं आणि हळूहळू परत वर आलं. गवत आणि खालचा पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, शेकडो वर्षं एकमेकांवर चढत हा गालिचा झालाय. त्यावर तंबू ठोकायला बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. पाण्यात कोपरापर्यंत हात घातला तरी तळ लागला नाही. पलीकडे मोकळ्या सोडलेल्या घोड्या शिंगरांसह चरत होत्या.

तळ्याच्या एका टोकाशी पाणी बाहेर पडतं. एका ढांगेत ओलांडता येईल एवढा ओहोळ. हीच ताविन्यानो नदी, जी कोर्त्यातून वाहत पूर्व किनाऱ्यावर आलेरियाजवळ समुद्राला मिळते. भाऊ तिच्यावरून इकडून तिकडे उडी मारत राहिला, लहानपणी पाटावर मारायचा तशी. मी बूट काढून पाय पाण्यात सोडले होते. खिंडीवर आकाश निळं होतं, फक्त पश्चिमेला एक पांढरा ठिपका.

"ताई, बाराला वीस मिनिटं आहेत," तो म्हणाला. मी पाय पुसले आणि आम्ही सॅक उचलल्या.